तलावाकाठचा अबोला

नवरा-बायकोला एकमेकांशी न बोलता राहायचं असेल तर घर मोठं लागतं, असा लोकांचा उगाच समज आहे. आमचा संसार शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत सुरू झाला आणि त्या दोन खोल्यांत आम्ही चांगले चार-चार दिवसांचे अबोले पाळले आहेत. निरोप पोहोचवायला मुलगी होती. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, ऐकू आलं." पुढे मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, आम्ही पाषाणच्या बाजूला फ्लॅट घेतला, आणि ऐन गरजेच्या वयात आमच्याकडे निरोप्या उरला नाही. मग आम्ही देवाला मध्ये घेतलं. मी देव्हाऱ्यासमोर उभी राहून म्हणायचे, "देवा, इस्त्रीचे कपडे आलेत, आत नेऊन ठेवायला कुणाला तरी बुद्धी दे." हे सोफ्यावरून छताकडे बघत म्हणायचे, "काही घरांत आमटीत मीठ घालायची पद्धत असते."

असे अबोले आमच्याकडे वर्षातून दोन-तीन व्हायचे आणि त्यातून कुणाचं काही बिघडत नव्हतं. एक मात्र अकरा दिवस चालला. ऐन हिवाळ्यात, संक्रांत होऊन माघ लागल्यावर. तो कसा संपला हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. मुलीलाही "बाबा पाय घसरून पडले" एवढंच सांगितलं होतं.

आधी माझ्याबद्दल. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि जवळजवळ तितकीच वर्षं सहली नेल्या. धरणं झाली, तलाव झाले, कोकणातला समुद्र झाला. माझ्या हाताखालचं एकही मूल कधी पाण्यात गेलं नाही, कारण पाणी दिसलं की माझा आवाज आपोआप चढतो. शेवाळलेल्या दगडावर पाय नको. गाळात उतरायचं नाही. कुणी पाण्यात पडलंच, तर मागोमाग उडी मारायची नाही. ओढणी टाका, काठी टाका, दोर टाका, आणि आधी ओरडा. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की माझे जुने विद्यार्थी अजूनही रस्त्यात भेटले की "बाई, आधी ओरडा!" असं म्हणून नमस्कार करतात.

आमचे हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी यांना दुर्बीण दिली. का दिली देव जाणे, कदाचित शालींचा साठा संपला असेल. पण त्या दुर्बिणीने यांचं म्हातारपण मार्गी लावलं. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रोज चालायला सांगितलं होतंच. तेव्हा सकाळी उठून पाषाणच्या तलावावर जायचं, चालणं चालणाऱ्याने चालावं आणि पक्षी बघणाऱ्याने बघावेत, असं ठरलं. चालणारी मी, बघणारे हे.

हिवाळ्यातला तलाव खरंच बघावा. सकाळी पाण्यावर धुकं असतं, झाडं नुसती सावलीसारखी दिसतात, आणि त्या धुक्यातून कुठून तरी बदकांची कुजबूज ऐकू येते. मग ऊन वर येतं आणि एकेक जण दिसायला लागतो. तलवार बदक असायचे, चमच्यासारख्या चोचीचे थापट्या असायचे. कुठून कुठून, थेट बर्फाच्या मुलखातून उडत आलेले हे पाहुणे. आपलं इथलं हळदी-कुंकू बदक मात्र त्यांच्यात घरच्या सुनेसारखं वावरायचं. काठावर शेपटी हलवत धोबी पळायचे. मला त्यातलं सगळं आवडायचं. फक्त मी ते तोंडावर दाखवत नसे, कारण मग यांना चेव आला असता.

त्या तलावात एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. जलपर्णी. दिसायला काय देखणी! हिरवीगार, गुटगुटीत पानं, वर फिकट जांभळी फुलं. काठालगत ती इतकी दाट वाढते, की तिच्यात गवत रुजतं, वाळका पालापाचोळा साठतो, आणि जमीन कुठे संपली नि पाणी कुठे सुरू झालं हे कळत नाही. वरून पक्षी खुशाल चालतात, म्हणून माणसालाही वाटतं की आपणही चालू. मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. फोटो काढायला काठाशी गेलेल्या कॉलेजच्या पोरांना सांगायचे, "अरे, ते लॉन नाही, खाली पाणी आहे." ती "ओके आंटी" म्हणायची आणि मी गेले की अजून दोन पावलं पुढे जायची. गुरांसाठी गवत कापायला येणाऱ्या एका बाईलाही मी रोज सांगायचे. ती हसून म्हणायची, "बाई, आमचा जलम हितंच गेला."

तर भांडण. दर रविवारी तिथे पाच-सात निवृत्त मंडळी जमायची आणि आमचे हे त्यांना पक्षी दाखवायचे. म्हणजे लहानपणी ज्यांना कुणी वर्गाचा मॉनिटर केलं नाही, त्यांची हौस फिटत होती. त्या रविवारी यांनी दुर्बीण रोखली आणि जाहीर केलं, "तो बघा, जलपर्णीवर. कमळपक्षी." सगळ्यांनी "वा, वा" केलं. मी बघितलं तर जांभळी पाणकोंबडी. लाल चोच, जाडजूड अंग, पाटलीणबाईची चाल. मी काय करायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. मी तेव्हा म्हणाले, "अहो, एवढा लठ्ठ कमळपक्षी कधी बघितलात? पाणकोंबडी आहे ती."

मंडळी हसली. एक गृहस्थ तर जरा जास्तच हसले. यांनी शांतपणे दुर्बिणीला झाकण लावलं.

घरी येईपर्यंत एक शब्द नाही. घरी आल्यावर चपला जागच्या जागी ठेवून हे म्हणाले, "लग्न झाल्यापासून तू माझ्या चुका काढते आहेस. मी भाजी आणली की गवार जून निघते. मी रस्ता सांगितला की तो लांबचा असतो. मी पक्षी दाखवला की तो दुसराच असतो. यापुढे माझी एकही चूक काढायची नाही."

"नाही काढणार," मी म्हणाले.

"एकही."

"शब्द दिला. पण चुका काढायच्या नसतील, तर तुमच्याशी बोलण्यासारखं उरतं काय?"

हे माझं वाक्य मला तेव्हा फार झकास वाटलं होतं. तिथून अबोला सुरू झाला.

मी शब्दाची पक्की. दिलेला शब्द मी असा पाळते, की घेणाऱ्याला पश्चात्ताप व्हावा. दुसऱ्या दिवशी हे स्वेटर उलटा घालून बँकेत गेले, शिवण बाहेर, मानेशी लेबल फडफडतंय. मी दार उघडून दिलं. चौथ्या दिवशी लांबचं बघायचा चष्मा समजून माझा वाचायचा घेऊन गेले आणि दिवसभर डोकं दुखतंय म्हणून कपाळाला बाम चोळत बसले. मी बामची बाटली पुढे सरकवली. सातव्या दिवशी तर कहर झाला. यांच्या एका मित्राच्या नातवाची मुंज होती. पत्रिका मी वाचली होती, मुंज रविवारी होती. हे शनिवारी सिल्कचा झब्बा घालून, अत्तर लावून निघाले. मी भाजी निवडत होते. एक देठसुद्धा चुकीचा मोडला नाही. हे कार्यालयात गेले, कुणा अनोळखी बटूच्या हातात पाकीट ठेवलं, मठ्ठा-जिलबी जेवले आणि कुणीच ओळखीचं कसं नाही याचं नवल करत परत आले. घरी पत्रिका पुन्हा बघितली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेला म्हणाले, "काही लोकांना तारीख माहीत असते, पण तोंडात मिठाची गुळणी असते."

मी देवाला म्हणाले, "देवा, मला चुका काढायची बंदी आहे, तुला माहीतच आहे."

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. इतक्या वर्षांत माझं कुणी ऐकलं नव्हतं आणि आता माझं न बोलणं घरभर ऐकू येत होतं. हा माणूस माझ्याशिवाय सरळ स्वेटरसुद्धा घालू शकत नाही, याचा रोज नवा पुरावा मिळत होता. मी वाट बघत होते, की कधी एकदा हे म्हणतील, "काढ बाई, काढ माझ्या चुका." हेही हट्टी. म्हणेनात.

या सगळ्यात सकाळचं फिरणं मात्र चुकलं नाही. भांडण भांडणाच्या जागी, रक्तदाब रक्तदाबाच्या जागी. सहा वाजता दोघं निघायचो, मध्ये दहा पावलांचं अंतर. थर्मास एकच, माझ्याकडे. तलावावरच्या बाकावर बसलं की हे कप हवेत धरायचे, तलावाला चहा मागितल्यासारखा. मी त्यात ओतायचे. आलं किसून घातलेला चहा असायचा, अबोल्यातसुद्धा. तेवढं मी करत होते.

अकराव्या दिवशी कडाक्याची थंडी होती. कानटोपी, मफलर, हातमोजे असा सगळा जामानिमा करूनसुद्धा दात वाजत होते. आठवड्याचा मधला दिवस, त्यामुळे रविवारची मंडळी नव्हती. धुकं इतकं, की समोरचा काठ दिसत नव्हता. पलीकडे ती गवतवाली बाई तेवढी वाकून भारा बांधत होती. यांनी चहाचा कप बाकावर ठेवला, दुर्बीण डोळ्याला लावली आणि एकदम ताठ झाले. काही तरी दिसलं होतं. काय ते मला विचारता येत नव्हतं आणि यांना सांगता येत नव्हतं. हे उठले आणि पायवाट सोडून उतारावरून खाली निघाले.

खाली कुठे, ते मला बाकावरून स्वच्छ दिसत होतं. तिथे आठ-दहा फुटांचा गवताचा पट्टा होता आणि त्याच्या पुढे दुसरा, जरा जास्त हिरवा, जरा जास्त सपाट. दोन्हींवर दव सारखंच पडलेलं. पहिला पट्टा जमीन होती. दुसरा जमीन नव्हती. हे मला जितकं पक्कं माहीत होतं, तितकं माझं स्वतःचं वयसुद्धा मला पक्कं माहीत नाही.

पहिला पट्टा संपला तिथे हे थांबले. मागे वळून माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं नाही, नुसतं बघितलं. मी थर्मासचं झाकण घट्ट करत होते. ते घट्टच होतं.

मग मी इकडेतिकडे बघायला लागले. आता लिहितानासुद्धा हात थांबतो, पण जे झालं ते असं, की मी निरोप्या शोधत होते. आमच्या घरची पद्धत. गवतवाली बाई वीसेक पावलांवर होती. मी तिला म्हणाले, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "अहो बाई, त्या गृहस्थांना सांगा, पुढे जमीन नाही म्हणावं!"

ती कंबर सरळ करून माझ्याकडे बघायला लागली. "कुनाला? त्येंला? आवं, त्ये तुमचं मालक हायत न्हवं?"

"हो, पण तुम्ही सांगा."

"तुमाला तोंड न्हाई व्हय?"

एवढ्यात धप्प असा आवाज झाला. मोठा नव्हता, ओल्या गादीवर कुणी बसावं तसा. मी वळले तर हे छातीपर्यंत आत होते.

मग मी ओरडले. काय ओरडले ते त्या बाईने मला नंतर सांगितलं. "हात पसरा! पाय मारू नका! आडवे व्हा, आडवे!" अकरा दिवसांनंतर नवऱ्याशी बोललेले माझे पहिले शब्द हे, आणि तेही सहलीच्या आवाजात. यांना पोहता येत होतं. लहानपणी विहिरीत शिकलेले होते. पण खाली गाळ आणि वर मुळ्यांचं जाळं, त्यात पोहणं काय कामाचं? पाय हलवला की हे बोटभर खाली जात होते. आणि एवढं असून एक हात वर, दुर्बीण भिजू नये म्हणून.

"ती दुर्बीण सोडा!"

"अगं, निरोप समारंभाची आहे!"

"तुमचा निरोप समारंभ होईल आत्ता! सोडा म्हणते ना!"

सोडली. मी उतारावर पालथी झोपले, शाल टाकली, ती पोहोचली नाही. यांचे ओठ निळे पडायला लागले होते आणि हे बोलायचे थांबले होते. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. सहलीच्या मुलांना मी जे जे शिकवलं, त्यातलं एक मलाच कळलं नव्हतं. समोर आपलं माणूस असलं, की उडी न मारता काठावर पडून राहणं किती अवघड असतं. मी गुडघ्यावर उठले होते, जाणारच होते. तेवढ्यात त्या बाईने मला मागून स्वेटरला धरून खाली बसवलं. "दोगं जाताय का आता?" असं म्हणून तिने भाऱ्याचा दोर सोडला, टोकाला फास मारला आणि भिरकावला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा यांच्या खांद्यावर पडला. तो काखेत अडकवायला यांची बोटं चालेनात, थंडीने आखडली होती. मी एकेक गोष्ट सांगत गेले. डावा हात आत. आता उजवा. नाही, डोक्यावरून नाही, खालून. हां. यांनी मुकाट्याने तसं केलं. बाई विळ्याने काठाची जलपर्णी तोडत होती, वाट करत होती, आणि मग आम्ही दोघींनी ओढलं. किती वेळ ओढलं सांगता येणार नाही. एक बूट आणि मफलर तलावाने ठेवून घेतला.

बाहेर आल्यावर हे थडथड उडत होते. मी यांचे ओले कपडे काढले, यांना माझा स्वेटर घातला, शाल गुंडाळली. बाईने गवताखाली पसरायचं पोतं वरून पांघरलं. एक रिक्षा थांबली, रिक्षावाल्याने यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सीट ओली होईल." त्यावर मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही, पण त्याने मीटर न टाकता हॉस्पिटलपर्यंत नेलं. बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढच्या आठवड्यात साडी घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "साडी ऱ्हाऊ द्या. पर बाई, येक सांगा, तवा त्येंलाच का न्हाई वरडला?" मी म्हणाले, घाबरले होते. ती पुन्हा गवत कापायला वाकली. तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसलं.

हॉस्पिटलात दोन दिवस ठेवलं. छातीत पाणी गेलंय का बघायचं होतं. नाही गेलं. पहिल्या संध्याकाळी यांना सलाईन चालू होतं, अंगावर तीन ब्लँकेटं होती आणि चेहऱ्यावर थोडा रंग परत आला होता. मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसले होते. दिवसभर मनात जुळवाजुळव केली होती. मी सांगणार होते, की मला दिसत होतं. मला माहीत होतं. बोलले असते तर तुम्ही पाऊल टाकलं नसतं. आणि मग यांनी मला मनसोक्त बोलावं, अगदी नर्सच्या देखत बोलावं, माझी तयारी होती.

"अहो," मी म्हणाले, "मला दिसत होतं, पुढे जमीन नाही ते."

"हो का?" हे म्हणाले. आश्चर्य वाटल्यासारखे.

"तुम्ही वळून बघितलंत तेव्हासुद्धा दिसत होतं."

हे छताकडे बघायला लागले. सलाईनच्या हाताने ब्लँकेटची घडी नीट केली. मग म्हणाले, "मला जरा शंका आली होती. म्हणून तर वळलो. पण तू गप्प होतीस. म्हटलं, म्हणजे जमीनच असणार. नाहीतर ही गप्प बसली असती का?"

यांच्या आवाजात तक्रार नव्हती. टोमणा शोधला, तोही नव्हता. काहीही असतं तरी चाललं असतं, मला भांडता आलं असतं.